व्हीपीएन लावलं की ऑफिसच्या सर्व्हरच्या जागी घरचाच कॅमेरा उघडतो

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. घरून काम करताना ऑफिसचं व्हीपीएन (घरचा लॅपटॉप इंटरनेटवरून ऑफिसच्या आतल्या नेटवर्कला जोडणारा बंदिस्त बोगदा) व्यवस्थित जोडलं जातं, हिरवी खूण येते, मेल चालतो, हजेरीचं पान उघडतं. पण एखादाच सर्व्हर उघडत नाही. बाकी सगळे चालतात, तोच नाही. दोन दिवसांनी आपोआप उघडतो. किंवा असं होतं की सर्व्हर चालतो तेव्हा घरचा प्रिंटर गायब, आणि प्रिंटर सापडला की सर्व्हर रुसलेला. व्हीपीएन काढून पुन्हा टाकलं की बरं वाटतं. आठवड्याने परत तेच.

माझ्या ताईच्या घरी हे तीन महिने चाललं होतं. ताई साताऱ्याला, ऑफिस पुण्यात, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. मी स्वतः लोकांच्या ऑफिसची नेटवर्कं सांभाळतो, त्यामुळे "अरे, तो सर्व्हर परत गेला" हा फोन हक्काने माझ्याकडे यायचा आणि मी फोनवरूनच औषध द्यायचो. राउटर बंद करून चालू कर, लॅपटॉप रीस्टार्ट कर. बहुतेक वेळा बरं व्हायचं. बरं झाल्यावर कारण शोधायला कोण बसतंय!

तिच्या ऑफिसच्या हेल्पडेस्कने व्हीपीएन दोनदा काढून पुन्हा टाकलं आणि "आमच्याकडून सगळं ओके आहे, तुमच्या घरच्या नेटचा प्रॉब्लेम असेल" असं सांगून तक्रार बंद केली. नेटवाल्याने स्पीड टेस्ट करून दाखवली, शंभरचा आकडा आला, तोही गेला. गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नव्हते.

मग एका गुरुवारी दुपारी ताईचा फोन आला. "अरे, आज वेगळंच झालंय. स्टोअरच्या सर्व्हरचा पत्ता टाकला तर आपल्या गेटच्या कॅमेऱ्याचं लॉगिन आलं." मी म्हटलं, "ताई, तू घाईत दुसरंच बुकमार्क दाबलं असशील." तिने स्क्रीनचा फोटो पाठवला. पत्त्याच्या पट्टीत १९२.१६८.१.२० होतं. बरोबर, तोच ऑफिसच्या स्टोअर सर्व्हरचा पत्ता. आणि खाली कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याचं, निळं लॉगिन पान. मला तेव्हा कुठे प्रकाश पडला. शनिवारची सकाळची एसटी पकडून गेलो.

एकाच नावाचे दोन चौक

घरच्या आणि ऑफिसच्या आतल्या नेटवर्कसाठी जे पत्ते वापरले जातात ते कोणाच्या मालकीचे नसतात. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजात तीन पट्टे सगळ्यांसाठी मोकळे ठेवले. १० ने सुरू होणारा, त्यात १ कोटी ६७ लाखांवर पत्ते. १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचा, त्यात साडेदहा लाखांच्या आसपास. आणि १९२.१६८ ने सुरू होणारा, त्यात ६५,५३६. ज्याला जो हवा तो त्याने आपल्या चार भिंतींच्या आत वापरावा, बाहेर इंटरनेटवर हे पत्ते जातच नाहीत, म्हणून दोन घरांत एकच पत्ता असला तरी बिघडत नाही.

बिघडतं ते व्हीपीएन जोडल्यावर. कारण आता दोन वेगळ्या भिंतींच्या आतली नेटवर्कं एका लॅपटॉपला एकाच वेळी दिसायला लागतात. गावोगावी शिवाजी चौक असतो. रिक्षावाल्याला नुसतं "शिवाजी चौक" म्हटलं तर तो तुम्हाला आपल्याच गावातल्या चौकात नेणार, पुण्याच्या नाही. आणि त्यात त्याची काही चूकही नाही.

१९२.१६८ मध्ये तिसऱ्या आकड्यासाठी ० ते २५५ अशा २५६ गल्ल्या मोकळ्या आहेत. पण बहुतेक राउटर कारखान्यातून येतानाच ० किंवा १ या गल्लीत बसून येतात, आणि लहान ऑफिसात पहिला सर्व्हर लावणाऱ्याने वीस वर्षांपूर्वी तेच केलेलं असतं. जिओ फायबरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो. असा आडवा आकडा असला की अशी टक्कर बरीच टळते, घरातल्यांना त्याचा पत्ताही नसतो.

ताईच्या कंपनीचं मुख्य नेटवर्क १० च्या पट्ट्यात आहे. पण कंपनीने मागे एक जुना कारखाना विकत घेतला, त्याचा स्टोअरचा सर्व्हर मात्र अजून १९२.१६८.१.२० वरच. तो हलवायला कोणी धजावत नाही, कारण त्या प्रोग्रॅममध्ये हा पत्ता नक्की कुठे कुठे कोरलाय हे सांगणारा माणूस कधीच निवृत्त झाला. म्हणून मेल चालायचा, हजेरी चालायची, आणि एकटा स्टोअर अडायचा.

पण मग कधी चालतो, कधी नाही, असं का?

खरं कोडं हे होतं. पत्ते सारखे असतील तर सर्व्हर कधीच उघडायला नको. ताई म्हणाली, "वर बसलं की चालतो. खाली हॉलमध्ये नाही चालत. आणि वर बसलं की प्रिंटर मिळत नाही, त्याला खाली यावं लागतं." तिने हे इतक्या सहज सांगितलं, जणू घरातल्या एखाद्या खोडकर माणसाच्या सवयी सांगतेय. तीन महिने मी हे विचारलंच नव्हतं.

लॅपटॉप वरच्या खोलीत ठेवून व्हीपीएन जोडलं आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये 'रूट प्रिंट' दिलं. ही आज्ञा चालवायला ॲडमिन असावं लागत नाही, कंपनीच्या कुलूपबंद लॅपटॉपवरही चालते. जी यादी येते ती म्हणजे लॅपटॉपच्या खिशातला नकाशा: कुठला पत्ता कुठल्या रस्त्याने. लांबलचक असते, पण आपल्या कामाच्या ओळी चार.

पहिली ०.०.०.० ची, म्हणजे "बाकी सगळं", ती घरच्या राउटरकडे. दुसरी १०.०.०.० ची, मास्क २५५.०.०.०, ती व्हीपीएनकडे. (मास्कमध्ये जिथे २५५ आहे तेवढे आकडे जुळायला हवेत, ० असेल तिथे काहीही चालतं.) तिसरी १९२.१६८.०.०, मास्क २५५.२५५.०.०, तीही व्हीपीएनकडे. म्हणजे ऑफिसने १९२.१६८ ची सगळीच्या सगळी पेठ आपल्याकडे ओढून घेतलेली. चौथी ओळ घरच्या वायफायची, समोर 'ऑन-लिंक', म्हणजे थेट जोडलेलं, असं लिहिलेलं, मास्क २५५.२५५.२५५.०. या ओळीत वर बसल्यावर १९२.१६८.०.० होतं. खाली येऊन हॉलमधल्या वायफायला जोडल्यावर तिथेच १९२.१६८.१.० आलं.

नियम एवढाच आहे की एकाच पत्त्याला दोन ओळी लागू पडत असतील तर जी जास्त नेमकी ती जिंकते. पेठेपेक्षा गल्ली नेमकी. खाली बसल्यावर १९२.१६८.१.२० हा पत्ता घरच्याच गल्लीतला ठरतो, लॅपटॉप तो व्हीपीएनच्या बोगद्यात पाठवतच नाही, हॉलमध्येच हाका मारत बसतो. त्या दिवशी राउटरने २० हा क्रमांक डीव्हीआरला दिला असेल तर डीव्हीआर "ओ" देतो. नसेल तर कोणीच देत नाही आणि वर्तुळ फिरत राहतं. वर बसल्यावर मात्र घरची गल्ली ० क्रमांकाची, त्यामुळे १९२.१६८.१.२० ला फक्त ऑफिसची पेठवाली ओळ लागू पडते आणि सर्व्हर उघडतो. पण प्रिंटर खालच्या नेटवर्कवर, १९२.१६८.१.३० वर. त्यालाही तीच ओळ लागू! भाचीच्या प्रोजेक्टची प्रिंट बिचारी पुण्याच्या कारखान्यात प्रिंटर शोधत फिरत होती.

घरात दोन नेटवर्कं आली कुठून? फायबरवाल्याने खाली त्याचा डबा लावला, त्याला स्वतःचं वायफाय. वर रेंज येईना म्हणून दाजींनी दुकानातून राउटर आणला, डब्यातून वायर काढून वर जोडला. तोही स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडून बसला. असं आपल्याकडे घरोघरी असतं.

आणि गुरुवार? ताईच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. खालचा डबा इन्व्हर्टरवर आहे, वरचा राउटर नाही. वीज गेली की वरचं वायफाय मरतं, लॅपटॉप मुकाट्याने खालच्या वायफायला चिकटतो, आणि वीज आली तरी आपणहून परत वर जात नाही. एकदा जोडणी चांगली चालली की विंडोज सहसा दुसऱ्या नावाच्या वायफायकडे ढुंकूनही बघत नाही. उन्हाळ्यात दुपारी स्लॅब तापला की ताई स्वतःच लॅपटॉप घेऊन खाली यायची, तेव्हाही तेच. आणि व्हीपीएन पुन्हा टाकल्यावर "बरं" का व्हायचं? कारण ते टाकताना लॅपटॉप रीस्टार्ट व्हायचा आणि उठल्यावर वरचं वायफाय पकडायचा. हेल्पडेस्कला वाटलं आपण दुरुस्त केलं. माझं फोनवरचं औषधही त्याच जातीचं.

तुमच्याकडे हेच आहे का ते कसं पाहायचं

व्हीपीएन बंद करा आणि ऑफिसच्या त्या सर्व्हरच्या आकडी पत्त्याला पिंग करा, म्हणजे तिथे कोणी आहे का अशी हाक मारणारी आज्ञा द्या. उत्तर आलं तर बघायलाच नको, तो पत्ता घरातल्याच कुठल्या तरी वस्तूकडे आहे. मग 'एआरपी' या आज्ञेच्या यादीत त्या पत्त्यासमोरचा बारा अक्षरांचा हार्डवेअर पत्ता बघा आणि टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर यांच्या मागच्या स्टिकरशी ताडून पाहा, चोर सापडेल. उत्तर नाही आलं म्हणून मात्र सुटलो असं समजू नका. त्या क्रमांकावर आज कोणी बसलेलं नाही, एवढंच कळलं. 'आयपीकॉन्फिग' या आज्ञेने आपल्या लॅपटॉपचा पत्ता पाहा. पहिले तीन आकडे सर्व्हरच्या पहिल्या तीन आकड्यांशी जुळत असतील तर टक्कर आहेच.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडून पाहणं ही दुसरी परीक्षा. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० मधले पत्ते देतो, जुने अँड्रॉइड १९२.१६८.४३ मधले. हॉटस्पॉटवर सर्व्हर उघडला आणि घरच्या वायफायवर नाही, तर संशय घरच्या पत्त्यांवरच. फक्त हॉटस्पॉटवर नेट पुरवणाराही बदलतो हे विसरू नका, म्हणून मी या परीक्षेला अर्धेच गुण देतो.

आधी चुकीचा उपाय

मी त्या शनिवारी सगळ्यात सोपं वाटलं ते केलं: फायबरवाल्याच्या डब्यात शिरून त्याची गल्ली १ वरून ७७ केली. सर्व्हर खालूनही उघडला, वरूनही. ताईने पुरणपोळी खायला घातली. महिनाभराने रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, दुरुस्तीला आलेल्या पोराने जोडणी करून टाचणीने डबा रीसेट केला, आणि डबा परत १९२.१६८.१.१ वर. पुरणपोळी वाया.

धडा असा घेतला की जी वस्तू आपल्या ताब्यात नाही तिच्यात काही मांडायचं नाही. फायबरवाल्याच्या डब्याने फक्त नेट आत आणावं. घर आपल्या राउटरवर उभं करायचं.

म्हणून दुसऱ्या खेपेला असं केलं. ताईने ऑफिसला विचारून घेतलं की १९२.१६८.७७ ते कुठे वापरतात का, नाही म्हणाले. वरचा राउटर जिन्याच्या मधल्या कोनाड्यात आणला, म्हणजे दोन्ही मजल्यांना सारखा, आणि त्याची लॅनची, म्हणजे घराच्या आतल्या नेटवर्कची, गल्ली ७७ केली. हे केल्यावर राउटरचं पान जुन्या पत्त्यावर उघडत नाही, नव्या १९२.१६८.७७.१ वर जावं लागतं. बरेच जण इथेच घाबरून रीसेटची टाचणी शोधतात. डीव्हीआरची वायर डब्यातून काढून या राउटरला दिली. प्रिंटर याच वायफायवर घेतला. डब्याचं स्वतःचं वायफाय बंद केलं. वरच्या मागच्या खोलीत रेंज कमी पडली, तिथे माझ्याकडचा एक जुना राउटर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्याच नेटवर्कचं वायफाय फक्त पुढे पसरवणारा, करून लावला. त्याचं पत्ते वाटायचं काम म्हणजे डीएचसीपी बंद ठेवायचं आणि वायर त्याच्या लॅनच्या भोकात घालायची, वॅनच्या, म्हणजे बाहेरून नेट येतं त्या, नाही. नाहीतर तिसरं नेटवर्क उभं राहतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

यात डोकं खाल्लं ते प्रिंटरने. विंडोजच्या नोंदीत त्याचा जुना पत्ता बसलेला, त्यामुळे प्रिंट रांगेत जाऊन पडायची आणि काहीच व्हायचं नाही. तो काढून नव्या पत्त्याने पुन्हा घातला. शिवाय राउटरमध्ये प्रिंटर आणि डीव्हीआर दोघांचेही पत्ते राखीव करून ठेवले, म्हणजे वीज गेली-आली तरी क्रमांक तोच. दाजींच्या मोबाइलमधल्या कॅमेऱ्याच्या ॲपलाही जुना पत्ता पाठ होता, तो रात्री दहा वाजता लक्षात आला.

शेवटी राउटरची वायरही इन्व्हर्टरवर घेतली आणि लॅपटॉपमधून डब्याच्या जुन्या वायफायचं नाव पुसून टाकलं. हे पुसणं महत्त्वाचं आहे. उद्या कोणी पुन्हा टाचणी लावली तर डब्याचं वायफाय स्टिकरवरच्या नावाने परत जागं होणार, आणि लॅपटॉपला ते नाव आठवत असेल तर तो गुपचूप तिकडे जाणार.

सर्व्हरच्या एकट्या पत्त्यासाठी लॅपटॉपमध्ये हाताने वेगळा रस्ता घालता येतो. एकाच पत्त्याची ओळ गल्लीपेक्षाही नेमकी, म्हणून ती जिंकते. पण त्याला ॲडमिन लागतो आणि काही व्हीपीएन क्लायंट असे हाताने घातलेले रस्ते लगेच पुसून टाकतात. शिवाय कंपनीच्या यंत्रात विचारल्याशिवाय ढवळाढवळ करू नये. ही कुबडी आहे, ऑफिसच्या माणसाने दिली तर घ्या.

आकडे जुळत नसतील तर

घरच्या आणि सर्व्हरच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे वेगळे असतील, तर मग दुखणं वेगळं. घरचा एकही प्रिंटर, एकही फोल्डर व्हीपीएन असताना कधीच दिसत नसेल तर ऑफिसने सगळी वाहतूक आपल्याकडे वळवलेली असते. हा बिघाड नाही, तसं ठरवलेलं आहे: घरातल्या कुठल्याही स्वस्त कॅमेऱ्यातून ऑफिसच्या लॅपटॉपवर कोणी उडी मारू नये म्हणून. सिस्कोच्या ॲनीकनेक्ट या व्हीपीएनमध्ये (आता त्याचं नाव सिक्युअर क्लायंट) घरच्या लॅनला परवानगी देणारी एक चौकट असते, पण ऑफिसने वरून मोकळीक दिली नसेल तर ती टिचकी शोभेची. अशा वेळी प्रिंटरला सरळ यूएसबीची केबल लावा. ती सहसा व्हीपीएनच्या वाटेला जात नाही.

आकडी पत्त्याने सर्व्हर उघडतो पण नावाने नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणारी यंत्रणा. 'एनएसलुकअप' या आज्ञेत ऑफिसचं नाव टाकून उत्तर कोण देतंय ते पाहा. घरचा राउटर देत असेल तर त्या बिचाऱ्याला ऑफिसातली नावं माहीत असण्याचं कारणच नाही. ऑफिसची नावं 'डॉट लोकल' ने संपत असतील आणि तुम्ही मॅकवर असाल तर आणखी एक भानगड आहे. ते शेपूट २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने घरगुती उपकरणांच्या आपसातल्या ओळखीसाठी राखून ठेवलंय, त्यामुळे मॅक ते नाव आधी घरातच पुकारतो.

लॉगिन होतं, छोटी पानं येतात, पण मोठी यादी किंवा फाइल अर्ध्यात अडकते, रिमोट डेस्कटॉपचा पडदा काळा राहतो, तर डेटाच्या पाकिटाचा आकार तपासा. साधी मर्यादा १५०० बाइटची. पीपीपीओईवर (नेटवाल्याच्या युजरनेम-पासवर्डच्या जोडणीवर) चालणाऱ्या फायबरमध्ये ८ बाइट त्याच्याच खर्चात जातात, उरले १४९२, आणि त्यावर व्हीपीएनचं वेष्टन. व्हीपीएन बंद ठेवून, तुकडे करू नकोस असं सांगणारा पर्याय लावून १४७२ आकाराचं पिंग बाहेर पाठवा; ते जात नसेल आणि १४६४ चं जात असेल तर तुमची लाइन १४९२ ची आहे. हा आकडा हेल्पडेस्कला द्या, बोगद्याचा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, कमी करायचं काम त्यांचं. घरी राउटरमध्ये १४९२ नोंदलेलं आहे ना, एवढं पाहा.

प्रोग्रॅमर मंडळींनी एक जास्तीची गोष्ट बघावी. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) मुळात १७२.१७ ची पेठ धरून बसतो आणि विंडोजमधलं लिनक्सही १७२ च्या त्याच पट्ट्यात घर करतं. ऑफिस तो पट्टा वापरत असेल तर टक्कर राउटरशी नाही, लॅपटॉपच्या पोटातच होते, आणि मग हॉटस्पॉटवर जाऊनही सर्व्हर उघडत नाही.

हेल्पडेस्कला लिहिताना "व्हीपीएन चालत नाही" असं लिहिलंत तर ते पुन्हा व्हीपीएन काढून नव्याने बसवतील. व्हीपीएन जोडलेलं असताना 'रूट प्रिंट' चा फोटो, घरच्या लॅपटॉपचा पत्ता आणि न उघडणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, या तीन गोष्टी एकत्र पाठवा. ताईने तशी तक्रार नव्याने केली तेव्हा पहिल्यांदाच नेटवर्कवाल्या माणसाचा स्वतःहून फोन आला. त्याने मान्य केलं, आणि तक्रारीपुढे लिहिलं की सर्व्हरचा पत्ता पुढच्या टप्प्यात बदलला जाईल. ती तक्रार अजून उघडी आहे. ताईचा स्टोअर मात्र गुरुवारीही चालतो.